आबांची माणसं

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात कुणाला काम सांगितलं नाही, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात कुणी रिकामं बसलेलंही मी कधी पाहिलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या कशा, हे कळायला मला दोन हंगाम लागले, कारण मी मॅट्रिक होतो. साधा नव्हे, दुसऱ्या खेपेचा मॅट्रिक. म्हणजे तीच पुस्तकं दोनदा वाचून पक्का झालेला. मॅट्रिक झाल्यावर मी बारामतीच्या पेठेत चहाचं दुकान घातलं, ते माझ्या मित्रांनी पिऊन संपवलं. मग सायकली भाड्यानं द्यायचा धंदा काढला. सायकली गेल्या तशा फारशा परत आल्या नाहीत. तेव्हा आमचे वडील म्हणाले, "आता तू काही करू नकोस, एवढे उपकार कर," आणि मला निरवांगीला आक्काकडे चार दिवस हवापालटाला धाडलं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही, अक्कल मुळात बारामतीहून निघालीच नव्हती. मी राहिलो तो राहिलोच.

आक्काच्या सासऱ्यांना सारा गाव आबा म्हणे. कालव्याच्या कडेला त्यांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी सरली की चरक उभा राही, बैल त्याच्याभोवती गरगर फिरू लागत, उसाचा रस मोठ्या काहिलीत पडे, खाली चुलवाण धडधडे आणि शिमग्यापर्यंत सगळ्या शिवाराला गुळाचा वास येत राही. आसपासचे बागाईतदार पाळीपाळीनं आपापला ऊस घेऊन येत. या कामावर आबांची नऊदहा माणसं असत आणि वर्षानुवर्षं तीच असत. दुसऱ्या गुऱ्हाळांवर माणसं अंगरख्यासारखी बदलत. आबांच्या गुऱ्हाळावरून म्हणे आजवर एकच गडी काम सोडून गेला होता, आणि तोही देवाघरी. आबांना या गोष्टीचा केवढा अभिमान! ऊस किती, गूळ किती, भाव काय, यातलं काही ते कुणाला सांगत नसत. पण "माणसं तीच हायती" हे वाक्य ते वाटेनं जाणाऱ्या परक्या गाडीवानालाही थांबवून ऐकवत. म्हातारी कधीच गेली होती, मुलगा, म्हणजे माझे मेहुणे, शेतात रमलेले. आबांचा सगळा जीव त्या नऊदहा माणसांत अडकलेला.

आणि नेमका मी गेलो त्याच वर्षी पलीकडच्या माळावर साखर कारखान्याची चिमणी उभी राहायला लागली. कारखान्याला माणसं लागणार होती, तीही बारमाही. आबांचं काम पडलं चारपाच महिन्यांचं. बाकीचे महिने ही माणसं कुठं रोजावर जात, कुठं दुसऱ्याची गुरं राखत, कुठं नुसतीच बसत. आता ती आबांकडे टिकतात की माळावर जातात, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्याच तोंडात नव्हता. आबांनी आपल्यापुरता तो सोडवला होता. गुऱ्हाळावर ते कायम चिमणीकडे पाठ करून बसत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माणसं सांभाळणारा गडी गुळातला मोठा जाणकार असेल. छे! आबांना गुळातलं काडीचं कळत नसे. पाक कधी झाला हे ओळखायला आमच्याकडे वरकुट्याचा ग्यानबा गुळव्या होता. आबा काहिलीपाशी येत, डोळे बारीक करून आत बघत आणि म्हणत, "आला जणू." तेव्हा पाक हमखास आलेला नसे. ग्यानबा तर एकदा मला म्हणाला, "आबा 'आला' म्हणलं की मी निवांत तंबाकू मळाया घेतो. मला तेवढा येळ हाय आसं समजतं." आबांना हे ठाऊक होतं. तरी ते रोज येत, रोज बघत, रोज चुकत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला लाज कशी वाटत नाही! मी असतो तर गुळातलं कळत नसतानाही कळतंय असं दाखवलं असतं. तशी माझी तयारी चांगली होती.

काम न सांगता काम होण्याची पहिली युक्ती मी पाहिली ती बैलाची. आबांच्या दोन जोड्या होत्या, त्यातल्या एकीत सर्ज्या नावाचा पांढरा बैल होता. आबांना कुणाला काहीही सांगायचं असलं की ते सर्ज्याला सांगत. "सर्ज्या, चुलवाण निवतंय रं बाबा." की तिकडे म्हादू जाळव्या चिपाडाचा भारा आत लोटी. "सर्ज्या, उसाच्या मोळ्या उन्हात पडल्याती, तुला दिसत न्हाय व्हय?" की दोघे उठून मोळ्या सावलीला ओढत. लेकी बोले सुने लागे, हा संसारातला जुना प्रकार. पण आबांनी तो बैलावर बसवला होता. कुणाची खरडपट्टी काढायची असली तरी ती सर्ज्याचीच निघे, आणि ती इतकी मनापासून निघे की ज्याच्यासाठी ती असे तोच मधे पडून म्हणे, "आबा, जाऊ द्या की, मुकं जनावर हाय." जोडीतल्या राजा नावाच्या बैलाला मात्र आबा कधी बोलत नसत. तो वयानं मोठा होता.

मी बिचारा पहिले काही दिवस खरंच समजत होतो की हा सर्ज्या फार कामचुकार आहे. आक्काला म्हणालोसुद्धा, "तुझ्या सासऱ्यांनी तो बैल विकून टाकावा." ती पदर तोंडाला लावून हसत चुलीपुढे बसली. मग एके सकाळी मी बाजेवर पाय पसरून ऊस खात पडलो होतो. आबा सर्ज्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "सर्ज्या, लई शिकलं म्हंजी चिपाडाला हात लावायचा नसतो, आसं कुणी सांगितलं रं तुला?" मी बैलाकडे पाहिलं. बैल माझ्याकडे पाहत होता. सगळं गुऱ्हाळ माझ्याकडे पाहत होतं. आणि मी काय करावं? मी मान हलवून म्हणालो, "हो ना, ऐकतच नाही तो!"

माझी पंचाईत अशी की मी पडलो पाव्हणा. सुनेच्या माहेरचा माणूस. त्याला उभा असेल तर "बसा" म्हणायचं आणि बसला असेल तर "पाणी घ्या" म्हणायचं, यापलीकडे तिसरं वाक्य आमच्याकडे नाही. वयानं मी आबांच्या नातवाएवढा, पण ते मला "पाव्हणं, तुमी" असंच बोलत. तेव्हा बैल लागू पडत नाही म्हटल्यावर आबांनी दुसरी युक्ती काढली. ते माझ्यासमोर स्वतः चिपाडं वाळत घालायला लागले, आणि असं वाईट काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. भारा उचलला की अर्धा वाटेत सांडायचा. जिथं ओल तिथं पसरायचं. एक चिपाड इकडून तिकडे, तेच तिकडून इकडे. त्यात "आयाई गं" म्हणून कमरेला हात. मी ऊस खात बघत होतो. घटकाभरात माझे हात आपोआप शिवशिवायला लागले. शेवटी मी उठलो आणि ओरडलो, "आबा, सरा बाजूला! असं नाही, असं!" आबा लगेच बाजूला सरले, धोतर झटकलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा रं, पाव्हण्यांचा हात कसा चालतो ते." त्या दिवसापासून चिपाडं माझ्याकडे लागली. मी ती हंगामभर वाळवली आणि हंगामभर समजत होतो की हे काम मी म्हाताऱ्याच्या हातून हिसकावून घेतलंय.

माणसं निवडण्याची आबांची रीत तर जगाच्या उलटी. ग्यानबा गुळव्या आणि म्हादू जाळव्या यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. जत्रेतल्या एका कुस्तीत कुणाची पाठ लागली आणि कुणाची नाही, यावरून बंद झालेलं ते बोलणं. कुस्ती खेळणारे दोघेही पैलवान पुढे व्याही झाले, पण हे दोघे बघणारे अजून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि आबांनी नेमक्या याच दोघांना एका काहिलीवर घातलं होतं. एक वर, एक खाली. वरच्यानं "जाळ कमी" म्हणावं तर खालच्याचं नाव घ्यावं लागे. म्हणून ग्यानबा आकाशाकडे बघून म्हणे, "जाळ लई झालाय कुणाचातरी." खालून म्हादू चुलवाणाच्या तोंडात बघून म्हणे, "कुणाची तरी मळी निगत न्हाय म्हणून जाळाला नावं ठिवत्यात." मी आबांना विचारलं, "हे दोघे वेगळे का करत नाही?" आबा म्हणाले, "पाव्हणं, दोस्त असलं की गप्पा मारत बसत्यात. ह्ये दोगं सारकं येकमेकावर डोळा ठिवून असत्यात. गुळाला आनि काय पायजे?" मला ते पटलं नाही. माझ्याजवळ त्याहून चांगली कल्पना होती, पण ती सांगायची वेळ अजून आली नव्हती.

दुपारी जेवायला सगळे लिंबाखाली बसत, तेव्हा आबा प्रत्येकाच्या फडक्यातला भाकरीचा एक तुकडा मोडून खात फिरत. मला ही सवय फार हलकी वाटे. घरात एवढं असून म्हातारा दुसऱ्याच्या भाकरीवर हात मारतो! पण खाताना ते बोलत काही नसत. फक्त खाल्ल्यावर कुणाकुणाचं काम बदलत असे. भाकरी करपलेली लागली की त्या घरात सकाळी वाजलेलं आहे, त्या गड्याला दिवसभर बैलांमागे नुसतं फिरायला द्यायचं, चरकात ऊस घालायला बसवायचं नाही, हाताकडे लक्ष नसतं त्याचं. भाकरी शिळी लागली की घरात बाई आजारी. एकदा म्हादूच्या फडक्यात लागोपाठ दोनतीन दिवस भाकरी जाड नि कच्ची निघाली. आबांनी तुकडा चावत चावत गिळला, पाणी प्याले आणि आक्काला सांगून गाडी थेट म्हादूच्या सासरवाडीला धाडली. संध्याकाळच्या आत म्हादूची बायको आली, म्हादूला गुऱ्हाळावरच चार शब्द सुनावून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी पातळ झाली. कुणाला काही विचारणं नाही, समजावणं नाही. माझ्या फडक्यातला तुकडा मात्र आबा नेमानं खाऊन म्हणत, "ही आमचीच हाय." त्यात जास्त काय कळणार होतं!

आबांनी सगळ्यांना हुद्दे वाटले होते. म्हादू चुलवाणाचा फौजदार, चरकावरचा म्हातारा मामलेदार, आणि मी म्यानेजर. बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी नेलं नाही. मी बारामतीला गेलो, तेव्हा बाजारातून एक शिट्टी घेऊन आलो.

एकदा आबांना कुठल्याशा लग्नासाठी इंदापूरला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी हायसाच." बस, तेवढंच. मला वाटलं, राज्य हाती आलं. मी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून शिस्तीवर भाषण केलं. आमच्या शाळेच्या ड्रिल मास्तरांचं अर्धं भाषण मला पाठ होतं, उरलेलं अर्धं मी स्वतः रचलं. मग एक शिट्टी म्हणजे काम चालू, दोन म्हणजे बंद, असा नियम केला. बैलाशी बोलणं बंद. आणि ग्यानबा-म्हादूची ती रोजची कटकट मिटवण्यासाठी म्हादूला उसाच्या फडात पाठवून त्याच्या जागी ग्यानबाचा जिवलग मावसभाऊ बसवला. कसं छान वाटत होतं! सगळे हसतखेळत होते. ग्यानबा काहिलीवर वाकून मावसभावाला आपल्या म्हशीची हकिगत सांगत होता, मावसभाऊ तल्लीन होऊन चिपाडामागून चिपाड आत सारत होता, आणि मी बाजेवर बसून मनाशी म्हणत होतो, याला म्हणतात माणसं चालवणं. म्हैस व्याली तोवर पाक लागला होता. करपल्याचा वास आला तेव्हा मी उठून जिवाच्या आकांतानं दोन शिट्ट्या फुंकल्या. बैल थांबले, चरक थांबला, ऊस वाहणारे होते तिथं थांबले. सगळं थांबलं, फक्त चुलवाण थांबलं नाही.

आबा परतले तेव्हा पाक निवायला ओततात त्या वाफ्यात काळाकुट्ट गूळ पडला होता आणि मी आक्काच्या स्वयंपाकघरात पडलो होतो, डोकं दुखतंय म्हणून. आबांनी ज्याचा ऊस होता त्या बागाईतदाराला आपल्या उसाचा पिवळाधमक गूळ भरून दिला आणि काळा गूळ घरी आणला. मला वाटलं, आता सर्ज्याचं काही खरं नाही. पण आबा सर्ज्यालाही काही बोलले नाहीत. त्यांनी ताटात त्या गुळाचा खडा घेतला, भाकरीबरोबर खाल्ला, आणि आक्कानं नको नको म्हटलं तरी महिनाभर रोज खाल्ला. "पाव्हण्यांच्या हातचा पयला गूळ हाय. गोड मानून घ्यायचा," म्हणायचे. अहो, त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो!

वर आणखी एक झालं. बैलांना तेवढ्यात शिट्टीची सवय लागली. आता ती वाजल्याशिवाय ते थांबेनात. आबा सकाळी येऊन अदबीनं म्हणाले, "पाव्हणं, शिट्टी कुठं हाय? वाजवा की, तुमच्याबिगर अडलंय." मी वाजवली, बैल थांबले. तेव्हापासून आजतागायत मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोकांवर अधिकार गाजवला, पण माझा शब्द पहिल्या झटक्यात झेलणारे हाताखालचे लोक म्हटले तर ते चार बैलच.

दुसरा हंगाम सुरू झाला तेव्हा चिमणी पुरी झाली होती. कारखान्याचे लोक गावोगाव फिरून माणसं विचारत होते. आमच्या गुऱ्हाळावर काम नेहमीसारखंच चाललं होतं. पण काहील उतरवताना माझ्या लक्षात आलं की माणसं बोलत नाहीत. काहील उतरवणं हा गुऱ्हाळातला सगळ्यात बाका प्रसंग. कड्यांत दांडे घालून आठ जणांनी ती उकळती काहील एका दमात उचलायची आणि वाफ्यात ओतायची. एकाचा पाय मागे पडला तर सात जण भाजायचे. त्या वेळी एरवी काय आरोळ्या, काय चेष्टा! आता सगळे गप्प उचलत, गप्प ओतत आणि आबांकडे न बघता पांगत. जायचं सगळ्यांच्या मनात होतं. घरी पोरंबाळं होती, पावसाळ्यात चूल पेटायची पंचाईत होती. पण आबांना सांगणार कोण? आबांच्या तोंडावर "आमी चाललो" म्हणायची कुणाची छाती होती?

एके दिवशी दुपारी आबा चुलवाणामागं सावलीला पडले होते. म्हादू बैलांना वैरण टाकायला गेला आणि वैरण हातातच धरून उभा राहिला. मग तो सर्ज्याला म्हणाला, "सर्ज्या, कारखान्यात म्हणं बारा म्हयनं काम मिळतंया." सर्ज्यानं शेपटी हलवली. म्हादू म्हणाला, "गेलो तर वाईट वाटतंय, न्हाय गेलो तर पोरं उपाशी ऱ्हात्यात. आता तूच सांग." एवढ्यात पलीकडून ग्यानबा आला. इतक्या वर्षांत म्हादूच्या शब्दाला त्यानं कधी शब्द जोडला नव्हता. त्यानं बैलाच्या दुसऱ्या अंगाला उभं राहून सर्ज्यालाच सांगितलं, "ह्यो म्हणतोय त्ये खरं हाय." मी चिपाडांत उभा होतो. मला आबांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत, पण आबा झोपलेले नव्हते. झोपले की ते घोरत, आणि आता घोरणं थांबलं होतं.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. आक्का मला म्हणाली, "मामंजींना जाऊन काहीतरी बोल की रे. म्यानेजर ना तू?" मी ओसरीवर गेलो, आबांच्या शेजारी बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणालो, "आबा, दुसरी माणसं मिळतील." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून आत आलो. माझ्या आयुष्यात मी अनेक मूर्ख वाक्यं बोललो आहे, पण एवढं लहान आणि एवढं मूर्ख दुसरं आठवत नाही.

शिमगा झाला, शेवटची काहील उतरली, चरक धुऊन झाकला. एरवी त्या दिवशी आबा सगळ्यांना जेवायला घालून "दिवाळीला या रं" म्हणत. त्या वर्षी पुरणपोळी वाढली, आग्रह झाला, पण ते वाक्य आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुवट धोतर नि पटका घालून अंगणात हजर. स्वतः दोन गाड्या जुंपत होते, आणि या खेपेला चांगल्या जुंपत होते. माणसं घराघरातून आली. कुणी बोलावलं होतं कोण जाणे. मागची गाडी हाकायला मेहुणे बसले. मीही चढून बसलो, कारण मी एकटाच उरलो तर काय करणार होतो! गाड्या कालव्याच्या पुलावरून माळाच्या बाजूला वळल्या तेव्हा कुठं चाललोय हे सगळ्यांना कळलं. म्हादू गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसला आणि सारखा डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणे.

कारखान्याच्या फाटकाशी एक साहेब खुर्ची टाकून बसले होते. पुण्याकडचे असावेत, बोलायला नम्र होते. आबा त्यांच्यापुढे गेले, रामराम केला आणि एकेका माणसाला दंडाला धरून पुढे आणू लागले. मुलीला सासरी धाडताना बाप सांगतो ना, तसं चाललं होतं.

"सायेब, ह्यो म्हादू. जाळ घालावा तर ह्यानंच. पर ह्याला वरडायचं न्हाय. वरडलं की ह्यो जाळ मोठा करतो."

साहेब हसले. "बरं. आणि हे?"

"ह्यो ग्यानबा. ह्याचं आदी समदं ऐकून घ्यायचं. मग तुमास्नी पायजे तसंच करा, त्येला चालतंय. पर आदी ऐकायचं. आन् ह्यो नि म्हादू येका जागी ठिवा. बोलत न्हाईत येकमेकाशी, पर येक नसला तर दुसरा जेवत न्हाय."

ग्यानबा नि म्हादू दोघेही जमिनीकडे बघत होते. मला दोन वर्षांत ही गोष्ट दिसली नव्हती. आबा पुढे सरकले. याची आई आंधळी आहे, याला लांब पाठवू नका. हा हळू आहे, पण हातचं काम टाकून जात नाही. याला सणाला आधी सोडा. चरकावरच्या म्हाताऱ्याला पुढे करून म्हणाले, "ह्याच्यानं आता फार हुत न्हाय. पर ह्यो बसलेला असला की बाकीची नीट वागत्यात. नुसता बसवा." साहेबांनी आता लिहिणं थांबवलं होतं आणि नुसते ऐकत होते. शेवटी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी सर्वांच्या मागे, पण छाती काढून उभा होतो.

"आणि हे कोण?"

मी मनात देवाचा धावा केला. आता चिपाडं निघणार, शिट्टी निघणार, काळा गूळ निघणार. आबांनी माझ्याही दंडाला धरलं. "हे आमचं पाव्हणं. म्यानेजर हायती," ते म्हणाले. "इंग्रजी येतंय त्यास्नी. जरा सावलीतलं काम द्या, ऊन सोसत न्हाय."

यावर कुणीही हसलं नाही. आबांच्या माणसांपैकी एकानंही नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढं सुचेपर्यंत साहेब खुर्चीवरून उठले होते. ते आबांना म्हणाले, "बाबा, तुम्हीच का येत नाही इथं? मला मुकादम हवाच आहे. तुमच्यासारखी माणसं ओळखणारा मला कुठं मिळणार?"

आम्ही सगळे एकदम आबांकडे बघायला लागलो. ग्यानबाचं तोंड उघडं राहिलं. मी तर मनातल्या मनात "हो म्हणा, हो म्हणा" असा जप लावला होता.

आबा हात जोडून म्हणाले, "न्हाय सायेब. मला माणसं वळखाया येत न्हाईत. मला ही एवढीच येत्यात."

त्यानंतर ते फार थांबले नाहीत. माझ्या मेहुण्यांनी मागची गाडी घेतली, पुढच्या गाडीवर आबा बसले. येताना दोन्ही गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, आता गवताच्या काडीशिवाय काही नव्हतं. आबांनी एकदाही वळून पाहिलं नाही. आम्ही फाटकात उभे. आत भोंगा वाजला, साहेबांनी हाक मारली. पहिल्याच दिवशी उशीर नको, आणि आता आपल्यालाच पुढाकार घ्यायला हवा, असं वाटून मी हुकमी आवाजात म्हणालो, "चला रे!" कुणी हललं नाही. पुन्हा म्हणालो. कुणी ऐकलंसुद्धा नसावं. गाड्या माळावरून कालव्याकडे उतरल्या, पुलावर चढल्या, पलीकडच्या बाभळींत गेल्या. पटक्याचा ठिपका दिसेनासा झाला, तेव्हा ते सगळे कुणी न सांगता एकदम वळले आणि आत निघाले, आणि मी त्यांच्या मागून गेलो.